वरचा राहतो कुठे?

गाणं बावीस वर्षांचं झालं होतं, तरी त्याच्या अर्थावरून शहरात अजून भांडणं व्हायची. 'वरच्या मजल्यावर' हे त्याचं नाव. सुरुवातीला गिटारचा असा काही कडकडाट, की शेजारी हमखास दार वाजवणार, आणि मग गायकाचा, म्हणजे दाढी नावाच्या माणसाचा, तो घोगरा आवाज:

वरच्या मजल्यावर कोण राहतं?
आमच्या डोक्यावर खुर्ची ओढतं!
तुझी जमीन ती आमचं छत,
तू चाललास की आमचा दिवा हलतो.

आता हा वरचा कोण? विद्यार्थी म्हणायचे, सरकार. कारखान्यातले म्हणायचे, मालक. एका अर्थतज्ज्ञाने वर्तमानपत्रात तीन लेख लिहून तो वरचा म्हणजे मध्यवर्ती बँक असल्याचं सिद्ध केलं. त्यावर एका निवृत्त न्यायाधीशांचं पत्र आलं की, मी स्वतः पहिल्या मजल्यावर राहतो, गाणं फक्त आवाजाबद्दल आहे आणि योग्य आहे. विरोधी पक्षाने ते निवडणुकीच्या प्रचारात वाजवलं. पक्ष निवडून आला, त्याबरोबर त्यांना ते कर्कश वाटायला लागलं आणि हरलेल्यांनी ते उचललं. शेवटचं कडवं तर भांडणाचं माहेरघरच होतं: 'एकदा खाली उतर, आम्ही दार उघडं ठेवलंय.' ही धमकी की आमंत्रण? या एका प्रश्नावरून एक ठरलेलं लग्न मोडलं होतं असं सांगतात, आणि ज्यांनी मोडलं ते दोघंही आपण वाचलो म्हणतात.

दाढीला विचारलं की तो खांदे उडवायचा. "ज्याला जो वाटेल तो," एवढं म्हणून मोकळा. बावीस वर्षं या एका वाक्यावर त्याने निभावून नेलं होतं.

ते वाक्य जिथे चाललं नाही, अशी एकच बाई निघाली. खळी.

खळी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. तिची आत्या जन्मापासून बहिरी. तिने पाळण्यातल्या भाचीच्या गालावरची खळी बघितली, स्वतःच्या गालात बोट रुतवलं आणि हे नाव ठेवलं. आई-वडील दोघंही पाळीवर कामाला, त्यामुळे पोर आत्याच्याच हाताखाली वाढली आणि तोंडाने बोलायच्या आधी हातांनी भांडायला शिकली. पुढे तिने तोच धंदा केला. कोर्टात, दवाखान्यात, शाळेत बहिऱ्या माणसांसाठी खुणांच्या भाषेतून सांगायचं आणि त्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना सांगायचं. दाढीचं नावही बहिऱ्यांच्या मंडळानेच ठेवलेलं. त्याने दाढी काढून बारा वर्षं झाली होती, पण नाव काही त्याला काढता आलं नाही.

खळीचं एक स्वप्न होतं. शहराच्या मोठ्या नाट्यगृहात बहिऱ्यांनीही तिकीट काढून बसावं आणि पैसे वसूल करून बाहेर पडावं. दोन वर्षं तिने तिथल्या व्यवस्थापकाला भंडावून सोडलं. हा माणूस पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायचा आणि 'नाही' म्हणायच्या आधी तो एकदा खुळखुळवायचा. शेवटी एकदाचा तो कसाबसा तयार झाला.

"हे बघा बाई, एकच कार्यक्रम," तो म्हणाला. "दाढीचा. रविवार, दुपारी चार. तुम्ही स्टेजच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि हात हलवायचे. पण एक जरी तक्रार आली ना, तर हा पहिला आणि शेवटचा. मला पुन्हा तोंड दाखवायचं नाही."

मंडळाने साठ तिकिटं घेतली. साठावं तिकीट आत्याचं होतं आणि खरं सांगायचं तर खळीला त्या एकोणसाठांची मिळून जेवढी धास्ती नव्हती, तेवढी या एकीची होती.

कारण आत्याला ते गाणं ठाऊक होतं. ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती, आणि बावीस वर्षांपूर्वी त्या गाण्याच्या शब्दांची पत्रकं तिनेच घड्या घालून कॅसेटच्या डब्यांत भरली होती. पाच हजार घड्या घालताना माणूस वाचणारच. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

"पत्ता न घातलेलं पत्र आहे ते," स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ती हातांनी म्हणाली. "तू, तू, तू. अरे, पण कोण तू? ज्याला सांगायचंय त्याच्याकडे बोट करायची हिंमत नाही आणि म्हणे बंडखोर!"

आणि इथेच खळीची पंचाईत होती. तोंडाने 'तू' म्हणून आढ्याकडे बघत बसता येतं. हातांना ती सोय नाही. खुणांच्या भाषेत कुणाविषयी बोलायचं तर आधी त्याला समोरच्या हवेत एक जागा द्यावी लागते, इथे किंवा तिथे. मग त्याचं नाव आलं की बोट त्याच जागेकडे जातं. एकदा दिलेली जागा मध्येच बदलली तर बघणाऱ्यांचा गोंधळ उडतो, की हा वेगळाच माणूस कुठून टपकला? त्यात चेहराही कोरा ठेवून भागत नाही. 'खाली उतर' ही धमकी की आमंत्रण ते भुवया सांगतात. म्हणजे अख्खं शहर ज्यावर बावीस वर्षं भांडलं, ते या बाईला रविवारपर्यंत ठरवायचं होतं.

म्हणून ती गेली थेट दाढीकडे. हा पोटासाठी कवळ्या बनवायचा. त्याच्या खोलीत शेल्फावर ओळीने जबडे मांडलेले होते, प्रत्येकाखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी, आणि मधोमध हा रॉकवाला डोळ्याला भिंग लावून कुणाची तरी दाढ घासत बसलेला.

"वरच्या मजल्यावर कोण राहतं?" खळीने विचारलं.

"ज्याला जो वाट–"

"ते राहू दे. कोण ते नका सांगू. कुठे ते सांगा. माझा हात मी कुठे नेऊ? उजवीकडे? डावीकडे? किती वर?"

दाढीच्या हातातली दाढ तशीच राहिली. त्याने भिंग काढलं, छताकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"आजवर एवढ्यांनी विचारलं," तो म्हणाला, "पण कुठे असं कुणी विचारलं नाही गं!" तो असा खूश झाला, की खळीला वाटलं आता सांगणार. त्याने हात उजवीकडे नेला, मग डावीकडे, मग खाली टाकला. "मला नाही माहीत. लिहिलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मला सगळेच वर दिसायचे. तुला सापडला तर मलाही सांग."

घ्या! म्हणजे ज्याने पत्र लिहिलं, त्यालाही पत्ता ठाऊक नव्हता.

तीन संध्याकाळी आत्या आणि भाची टेबलाच्या दोन बाजूंना बसून झुंजल्या. आत्याचं मत पक्कं होतं. "पहिल्या रांगेत जो मोठा माणूस बसेल त्याच्याकडे बोट कर. गाण्याचं सोनं होईल."

"आणि माझी माती. आत्या, एक तक्रार आली तर सगळं संपलं. मला कुणालाच दुखवायचं नाही."

"मग गाणं कशाला, अंगाई म्हण. आणि चेहरा? शेवटच्या कडव्याला तोंड कसं करणार?"

"कसंच नाही. साधं."

"साधं तोंड करून 'खाली उतर' म्हणणार?" आत्याने तसं तोंड करून दाखवलं. तिला ताप आल्यासारखं दिसलं. खळी हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली, पण मनातून तिचा जीव टांगणीलाच होता.

शेवटी तिला युक्ती सुचली, आणि त्या युक्तीचा तिला फार अभिमान वाटला. नाट्यगृहात उजव्या भिंतीला, वर, एक छोटीशी बाल्कनी होती. कित्येक वर्षं बंद. आत मोडकी झालर, जुने पडदे आणि एक भाषणाचं मेज पडलेलं. कुणी बसत नाही, कुणी जात नाही. तिने व्यवस्थापकाला दोनदा विचारून खात्री केली. त्याने किल्ल्या खुळखुळवून सांगितलं, "तिथे उंदीरसुद्धा तिकीट काढत नाही." बस्स. वरच्याला तिथे ठेवायचं. वरही झालं, कुणाला लागलंही नाही. जागा आहे आणि जागेत कुणी नाही. आत्याने नाक मुरडलं, पण धंदा भाचीचा होता.

रविवारी चारला सभागृह गच्च भरलं. साठ जण डाव्या बाजूला पुढच्या रांगांत. मंडळातल्या जाणत्या लोकांनी बूट काढून पाय फरशीला लावले होते, ड्रम तिथून येतात म्हणून. पहिली तीन गाणी झकास गेली. खळीचे हात असे चालले होते, की ऐकणारे प्रेक्षकही गायकाला सोडून तिच्याकडेच बघायला लागले. गाणं संपलं की साठ जण हात वर करून पंजे हलवायचे. ती त्यांची टाळी. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या मागच्या दोन रांगांनीही पंजे हलवले.

चौथं गाणं ते. गिटारचा कडकडाट झाला. खळीने उजवा हात वर, त्या अंधाऱ्या बाल्कनीकडे नेला आणि वरच्याला तिथे बसवलं. तिचं बोट नेमकं होतं. कामात ती कधीच कुचराई करत नसे.

पण मधल्या काळात काय झालं होतं, ते तिला कसं कळणार? तिच्या तोंडावर दिव्याचा झोत. तिसऱ्या गाण्याच्या वेळी नगराध्यक्ष न कळवता दारात उभे राहिले होते. तरुणपणी ते या गाण्यावर नाचले होते म्हणे, आणि रविवारी दुपारी त्यांना आठवण आली. खाली बसायला जागा नाही. व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने किल्ल्या काढल्या, बाल्कनी उघडली, मेज आणि पडदे एका कोपऱ्यात सारले, स्वतःच्या ऑफिसातली चाकांची खुर्ची वर नेली आणि पाहुण्यांना अंधारात बसवलं. एवढ्यावर थांबता तर ठीक होतं. पण पाहुणा अंधारात बसलेला त्याला बघवेना, म्हणून त्याने लाइटवाल्याला खूण केली.

दुसरं कडवं संपून ध्रुवपद आलं. खळीचे हात म्हणाले, 'आमच्या डोक्यावर खुर्ची ओढतं', बोट वर गेलं आणि त्याच क्षणी बाल्कनीत लख्ख उजेड पडला. त्यात नगराध्यक्ष होते. नीट दिसावं म्हणून ते दोन्ही हातांनी आपली खुर्ची पुढे ओढत होते.

साठ माना एकदम फिरल्या. बहिरा माणूस सांगणाऱ्याच्या हातांवरून नजर काढत नाही. काढली तर समजावं, कुठेतरी आग लागली. खळीने आपल्याच बोटाच्या टोकाकडे बघितलं. बोटाच्या टोकावर नगराध्यक्ष बसले होते.

आणि साठ जण हसले. ते काही तोंडावर रुमाल धरून हसणारे नव्हेत. आपलं हसू केवढं मोठं आहे हे त्यांना कधी ऐकू आलेलंच नाही, म्हणून त्याला आळा नाही. ड्रमच्या वर तो गडगडाट गेला. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. आधी साठ बोटं बाल्कनीकडे, मग शंभर.

आता करायचं काय? वरच्याला हलवावं, तर गाण्याच्या मध्येच माणसाचं घर कसं बदलणार? हात खाली घ्यावे, तर साठ जणांचं गाणं जागच्या जागी बंद पडणार. पडद्याआड व्यवस्थापक मटकन एका पेटीवर बसला होता आणि त्याच्या किल्ल्या आपोआप खुळखुळत होत्या. दोन वर्षांचे हेलपाटे खळीच्या डोळ्यांपुढून गेले. संपलं, ती मनात म्हणाली. ध्रुवपद पुन्हा आलं. तिने बोट पुन्हा तिथेच नेलं. दुसरीकडे नेणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं, आणि ते तिच्या हातांना जमत नव्हतं.

दाढीनेही वर बघितलं होतं. बावीस वर्षं हा माणूस हवेत गात होता. आज समोर खुर्ची होती, खुर्चीत माणूस होता. त्याचा आवाज एकदम वीस वर्षांनी लहान झाला. गिटारवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही जोर चढवला.

शेवटचं कडवं. 'एकदा खाली उतर.' खळी ठरलेला साधा चेहरा करायला गेली, आणि समोर तिची नजर पडली पहिल्या रांगेवर. आत्या रडत होती. हसता हसता रडत होती, गालावरून पाणी वाहतंय, पुसायचंही भान नाही. तिला गाणं लागू पडलं होतं. आणि खळीला एवढा आनंद झाला, एवढा, की ठरवलेलं तोंड कुठल्या कुठे गेलं. भुवया आपोआप वर चढल्या, गालात खळी पडली आणि दोन्ही हातांनी तिने त्या वरच्या माणसाला बोलावलं. अरे ये की! उतर खाली! दार उघडं आहे!

साठ जणांनी तीच खूण केली. ती सोपी होती, मागच्यांनाही लगेच जमली. बघता बघता आठशे हात हवेत, सगळे एका माणसाला खाली बोलावताहेत.

नगराध्यक्ष उभे राहिले. त्यांनी कोट नीट केला, हात हलवला आणि वळून दिसेनासे झाले. व्यवस्थापकाने डोळे मिटून घेतले. पण राजकारणात तीस वर्षं काढलेला माणूस तो. आठशे हात बोलावताहेत म्हटल्यावर तो घरी जाईल होय? दोन मिनिटांत ते धापा टाकत स्टेजवर हजर!

"चार वर्षं झाली," त्यांनी दाढीच्या हातातला माइक घेतला, "लोक मला खाली ओढा म्हणताहेत. खाली ये म्हणून बोलावलं मात्र आज पहिल्यांदा!" टाळ्या आणि पंजे यांचा एकच गदारोळ झाला. खळी त्यांचं बोलणं हातांनी सांगत होती आणि हसू आवरत नव्हतं. ते तिच्याकडे वळले. "आणि ही बाई! मला गाण्यातलं आज जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. हिला दर कार्यक्रमाला ठेवा. काय हो व्यवस्थापक?"

"ते... ते ठरलंच आहे, साहेब," पेटीवरून आवाज आला.

खळीला वाटलं आपले पाय फरशीला टेकलेले नाहीत. पण तिला ते सुख दोन क्षणही भोगू देईल तर ती आत्या कसली! ती पायऱ्या चढून वर आली होती. भाचीला कोपराने बाजूला करून नगराध्यक्षांसमोर उभी राहिली आणि तिचे हात सुरू झाले. खळीने माइक धरला आणि आत्याचं बोलणं आपल्या आवाजात सांगितलं, जसंच्या तसं.

"तुमच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर नावं पुकारतात. मी तीन वेळा सकाळपासून बसले आणि तीन वेळा तशीच परत आले. माझं नाव केव्हा येऊन गेलं, मला कळलंच नाही. तिथे नंबर दाखवणारी पाटी लावा."

"लावू ना. लवकरच लावू."

आत्याने खळीचे हात बघितले आणि मान हलवली. "लवकरच म्हणजे कुठल्या वारी?"

आठशे माणसं वाट बघत होती. नगराध्यक्षांनी कपाळावरचा घाम टिपला. "पुढच्या सोमवारी," ते म्हणाले, आणि सभागृहाने असं काही छत दणाणवलं, की आत्याने फरशीवरून ते पायांनी ऐकलं.

मग लोक सोडतात होय? पुन्हा तेच गाणं हवं म्हणून ओरडा सुरू झाला. नगराध्यक्षांना आत्याच्या शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. खळी कोपऱ्यात गेली. गिटार कडाडल्या, तिचा हात वर गेला, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांचे. उजव्या भिंतीला, वर, तिथे आता उजेडात नुसती चाकांची खुर्ची होती.

खळीचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. नगराध्यक्षांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग त्यांनीही हात वर केला. आणि तो नुसता पाहुण्याचा हात नव्हता. बोट ताणून ताणून ते त्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवत होते. तोंड लाल झालेलं, ओठ गाण्यासोबत हलताहेत, वर्षानुवर्षं मनात साठलेलं बाहेर पडावं तसे. 'तू चाललास की आमचा दिवा हलतो!' ते अगदी मनापासून ओरडले.

आत्याने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग एका हाताने खळीला म्हणाली, "याच्याही डोक्यावर कुणीतरी चालतंय बघ." आणि दुसऱ्या हाताने तिने नगराध्यक्षांचं कोपर धरून त्यांचा हात सरळ केला.